घशातील धमनी नेहमीच्या जागी नसेल तर : चिरा देण्याआधीच्या तपासणीचा क्रम

तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याला पाठवलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘उजव्या टॉन्सिलजवळ गळू, चिरा द्यावा’ एवढेच लिहिलेले असते, आणि ती चिठ्ठी वाचून कान-नाक-घसा विभागातला निवासी डॉक्टर रुग्णाच्या घशात नीट पाहण्याआधीच सुईचा ट्रे मागवतो. बहुतेक वेळा आत पू असतो आणि सगळे निभावते. ज्या वेळी तो फुगवटा पुवाचा नसून वळण घेऊन आत आलेल्या कॅरोटिड धमनीचा (मानेतून डोक्याकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीचा) असतो, त्या वेळी मात्र सुईनंतर काढलेल्या सीटीचा काही उपयोग उरत नाही. चूक ज्ञानाची नसते, क्रमाची असते. म्हणून या लेखात पाहणे, चाचपणे, चित्र काढणे, मोजणे, सांगणे, रुग्णाला टेबलावर घेतल्यावर पुन्हा पाहणे आणि मगच हत्यार उचलणे हा क्रम टप्प्याटप्प्याने मांडला आहे. लेख घशावर व मानेवर काम करणाऱ्या शल्यचिकित्सकांसाठी, निवासी डॉक्टरांसाठी आणि त्यांच्यासोबत उभ्या असणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी आहे.

## आधी नकाशा

मुख्य कॅरोटिड धमनी साधारणपणे थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेच्या पातळीवर दुभागते. त्यांपैकी अंतर्गत कॅरोटिड मानेत एकही फांदी न देता घशाच्या भिंतीच्या मागून व बाहेरून सरळ कवटीच्या तळाकडे जाते. प्रौढ माणसात टॉन्सिलच्या खाचेपासून ती साधारण अडीच सेंटिमीटर मागे व बाहेरच्या बाजूला असते, आणि मुलांमध्ये हे अंतर त्याहून कमी असते. टॉन्सिल काढताना आपल्याला हाच अडीच सेंटिमीटरचा दिलासा असतो.

हा दिलासा काही माणसांत नसतो. धमनी वर कवटीला आणि खाली छातीतल्या महाधमनीच्या कमानीला पक्की बांधलेली असते. दोन खुंट्यांना बांधलेली दोरी लांबली की मध्ये झोळ पडतो, तसे वाढत्या वयात आणि वर्षानुवर्षे न आवरलेल्या रक्तदाबात लांबलेली धमनी वळते, दुमडते किंवा तिचा पीळ पडतो. तो झोळ आतल्या बाजूला पडला तर धमनी घशाच्या मागच्या भिंतीत, केवळ श्लेष्मल आवरणाखाली येऊन बसते. गर्भावस्थेत ही धमनी मुळातच वळणदार असते आणि हृदय छातीत खाली उतरताना ती ताणून सरळ होते. हे सरळ होणे अपुरे राहिले तर वळण जन्मापासूनच असते. दोन्ही बाजूंच्या धमन्या मध्यरेषेकडे सरकून एकमेकींजवळ आल्याचेही आढळते.

याशिवाय तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चेहऱ्याच्या किंवा जिभेच्या धमनीचे वळण टॉन्सिलच्या खालच्या टोकाजवळ येऊ शकते. छातीतून निघून उजव्या हाताकडे व मानेकडे रक्त नेणारी इनॉमिनेट धमनी मानेत उरोस्थीच्या वर चढलेली असू शकते. हाताकडे जाणारी उजवी सबक्लेव्हियन धमनी कमानीच्या शेवटच्या टोकाकडून निघून अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाऊ शकते.

## टप्पा १ : विचारणे

माझ्याकडे जिंतूरच्या बाजूच्या एक आजी आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी ‘चक्कर आली तरच’ घेण्याची सवय. त्यांनी तक्रार सांगितली ती अशी : “गिळायलं की अडकायलंय, अन् रात्री उशीला टेकलं की घशात कायतरी उडायलंय.” त्यांना आधी दोन ठिकाणी घशाच्या सुजेवर प्रतिजैविके मिळाली होती. ‘उडायलंय’ हा शब्द मात्र दोन्ही केसपेपरवर उतरलेला नव्हता, तिथे नुसते ‘घशात खवखव’ होते. रुग्णाचा शब्द त्याच्याच बोलीत लिहून ठेवावा, कारण निदान बऱ्याचदा त्यातच असते.

गिळताना अडथळा, घशात काही अडकल्याची भावना आणि आवाजातला बदल या वळणदार धमनीच्या तक्रारी असू शकतात, पण बहुतेक रुग्णांना काहीच त्रास नसतो. प्रौढांना रक्तदाब, पूर्वी झालेला पक्षाघात, क्षणभर दिसेनासे होणे किंवा हात लुळा पडून पुन्हा सावरणे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांविषयी विचारावे. मुलाच्या टाळूत फट, नाकातून बोलणे, जन्मजात हृदयविकार किंवा लहानपणी कॅल्शियम कमी होऊन आलेले झटके असा इतिहास असेल, तर २२ व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेल्या विकाराचा संशय धरावा. या मुलांत कॅरोटिड घशाच्या मागच्या भिंतीत मध्याकडे सरकलेली असण्याची शक्यता मोठी असते आणि नेमकी याच मुलांवर बोलणे सुधारण्यासाठी घशाच्या मागच्या भिंतीची शस्त्रक्रिया करावी लागते.

## टप्पा २ : पाहणे

हेडलाइट लावून, टंग डिप्रेसर जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागावरच ठेवून, रुग्णाला तोंडाने संथ श्वास घ्यायला सांगावे. आपला दुसरा हात रुग्णाच्या मनगटावरच्या नाडीवर असावा. घशाच्या मागच्या भिंतीकडे आणि दोन्ही टॉन्सिलच्या मागच्या खांबांकडे (टॉन्सिलमागच्या उभ्या घड्यांकडे) नाडीचे दहा ठोके होईपर्यंत नजर ठेवावी. दहा ठोके म्हणजे आठ-दहा सेकंद, आणि ओपीडीच्या गर्दीत नेमके तेच दिले जात नाहीत. रुग्णाला उमळ आली की भिंत आकसते व फुगवटा दिसेनासा होतो, म्हणून उमळ ओसरू द्यावी आणि पुन्हा पाहावे. मान डावीकडे व उजवीकडे वळवून तेच करावे. खालच्या भागासाठी दुर्बीण घालावी आणि तिथेही थांबून पाहावे.

आजींच्या घशात उजव्या बाजूला, मागच्या खांबाच्या आतल्या अंगाला, बोटाच्या पेराएवढा उभा फुगवटा होता. वरचे आवरण गुलाबी व निरोगी होते. तो मनगटावरच्या ठोक्यासरशी आतल्या बाजूला उचलला जात होता.

तपासून घ्या : ताप नाही, तोंड नीट उघडते, आवरण लाल नाही, पडजीभ ढकललेली नाही आणि तरी फुगवटा आहे, तर तो गळू समजू नये.

इशारा : ठोका दिसला नाही म्हणजे धमनी नाही, असे होत नाही. सुजेखाली किंवा गळवाच्या मागे दबलेल्या धमनीचा ठोका दिसत नाही. उलट, नेहमीच्या जागी असलेल्या धमनीचा ठोका गळवातून पुढे जाणवू शकतो. ठोका म्हणजे थांबून चित्र काढण्याचा संकेत, यापलीकडे त्याचा अर्थ लावू नये.

## टप्पा ३ : बोटाने चाचपणे

हातमोजा घालून, तर्जनीच्या टोकाने, एका वेळी एकाच बाजूला, हलक्या हाताने चाचपावे. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नयेत. धमनीचा फुगवटा ठोक्यासरशी सगळीकडून फुगतो, तर जवळच्या धमनीमुळे हलणारी गाठ नुसती वर उचलली जाते. हा फरक बोटाला कळतो, पण त्यावर विसंबून सुई घालू नये. मुलांमध्ये ही तपासणी भूल दिल्यावरच करावी.

इशारा : तोंडातून रक्त आल्याचा इतिहास, घशाला इजा किंवा गळ्यात अलीकडे केलेले काम असेल, तर बोट लावू नये. तो धमनीच्या भिंतीतून फुटून बनलेला फुगा असू शकतो. ठोका असलेल्या कोणत्याही फुगवट्यातून सुईने नमुना घेऊ नये आणि तुकडाही काढू नये.

## टप्पा ४ : चित्र काढणे

सर्वांत उपयोगाची तपासणी म्हणजे कवटीच्या तळापासून महाधमनीच्या कमानीपर्यंतची सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी). ती शक्य नसेल, तर मानेची कॉन्ट्रास्टसह (शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेली) सीटी पुरते, आणि मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णात एमआर अँजिओग्राफीचा विचार करावा. कॉन्ट्रास्टपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) पाहावे, पूर्वीची ॲलर्जी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी विचारावी. मानेवरून केलेली डॉपलर सोनोग्राफी धमनीचे वळण दाखवते, मात्र जबड्याच्या मागे व वर जाणारा भाग तिला नीट दिसत नाही.

या टप्प्यावर वारंवार होणाऱ्या चुका सविस्तर सांगितल्या पाहिजेत.

पहिली चूक कॉन्ट्रास्ट न देता काढलेली सीटी. तीत वळलेली धमनी घशाच्या मागे गोल, मऊ गाठीसारखी दिसते आणि अहवालात ‘सुजलेली लसीका गाठ’ म्हणून येते. साधी सीटीच हाती असेल, तर त्या गोलावर बोट ठेवून एकेक काप वर आणि एकेक काप खाली जावे. गाठ काही कापांत संपते. धमनी संपत नाही, ती वर कवटीकडे आणि खाली दुभागण्याच्या जागेकडे चालत राहते.

दुसरी चूक फिल्मवर भरवसा ठेवण्याची. कॅरीबॅगेत गुंडाळून आणलेल्या फिल्मवर निवडक कापच छापलेले असतात आणि आपल्याला हवा तो नेमका नसतो. सीडी मागावी, ती घरी राहिली असेल तर नातेवाइकाला परत पाठवायला संकोच करू नये, आणि पडद्यावर सगळे काप स्वतः सरकवून पाहावेत.

तिसरी चूक मागणीपत्राची. ‘मानेची सीटी, गळू?’ एवढे लिहिले की उत्तर गळवाचेच येते. ‘घशाच्या भिंतीत ठोका असलेला फुगवटा; अंतर्गत कॅरोटिडचा दोन्ही बाजूंचा मार्ग व घशाच्या आवरणापासूनचे कमीत कमी अंतर कळवावे’ असे लिहिले तर क्ष-किरणतज्ज्ञ ते अंतर मोजून देतात. मोजायला कोणी सांगितलेच नाही म्हणून ‘नॉर्मल’ आलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्याचा दोष मी त्यांच्यापेक्षा आपल्याच मागणीपत्राला देईन.

## टप्पा ५ : मोजणे आणि लिहिणे

चार गोष्टी मोजून केसपेपरवर लिहाव्यात : धमनीच्या आतल्या कडेपासून घशाच्या आवरणापर्यंतचे कमीत कमी अंतर, मध्यरेषेपासूनचे अंतर, ते वळण पडजिभेच्या, टॉन्सिलच्या की एपिग्लॉटिसच्या (स्वरयंत्रावरच्या झाकणीच्या) पातळीवर आहे ते, आणि दुसऱ्या बाजूची स्थिती. एका बाजूला वळण सापडले की नजर तिथेच अडकते आणि दुसरी बाजू पाहायची राहते, म्हणून दुसऱ्या बाजूपासून मोजायला सुरुवात करावी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ओटीतल्या फळ्यावर घशाचे चित्र काढून धमनी लाल खडूने दाखवावी. उजवे-डावे रुग्णाचे आहे की पाहणाऱ्याचे, ते बाजूला लिहावे.

## टप्पा ६ : शस्त्रक्रिया करायची का, आणि कुठे

अडकल्याची भावना एवढीच तक्रार असेल आणि वळणदार धमनीशिवाय काही सापडले नसेल, तर घशातून काहीही करायचे नसते. रक्तदाब आवरावा, रुग्णाला धीर द्यावा. मेंदूला रक्त कमी पडल्याची लक्षणे असतील तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. टॉन्सिल वारंवार सुजतात, पण शस्त्रक्रिया पुढे ढकलता येण्यासारखी आहे, अशा वेळी धमनी खेटून असेल तर मी औषधांवर थांबायला सांगतो.

इथे एक अडचण खरी आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी ‘साहेब, आत्ताच उरका’ असा आग्रह बीडच्या बाजूचे रुग्ण धरतात, कारण एकदा कारखान्यावर गेले की सहा महिने परतणे नसते. त्यांची निकड खोटी नाही, पण तिच्यापोटी सीटीचा टप्पा गाळू नये. सीटी आधी आणि शस्त्रक्रियेची तारीख सीटी पाहून, हे पहिल्याच भेटीत नातेवाइकांना सांगितले की पुढचा वाद होत नाही.

शस्त्रक्रिया टाळता येत नसेल, तर ती जिथे जुळवून घेतलेले रक्त तयार आहे आणि रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहे तिथेच करावी. किनवट किंवा देगलूरला एकट्याने करून नांदेडच्या रस्त्याचा हिशेब मागून मांडण्यात अर्थ नाही.

## टप्पा ७ : भूल आणि टेबलावरची मांडणी

भूलतज्ज्ञांना सीटी दाखवावी, नुसते सांगू नये. लॅरिंगोस्कोपचे पाते, नाकातून न बघता सरकवलेली नळी, घशात कोंबलेला पॅक आणि टोकदार सक्शन या चारही गोष्टी त्या भिंतीला लागतात. नळी नजरेखाली तोंडातून घालावी, पॅक ओला व सैल ठेवावा, सक्शनचे टोक मऊ असावे.

खांद्याखाली वाळूची पिशवी ठेवून मान ताणली आणि बॉइल-डेव्हिस गॅग (तोंड उघडे ठेवणारे हत्यार) उघडला की घशाच्या भिंतीचा आकार बदलतो. सीटीत धमनी जिथे दिसली तिथेच ती आता असेल असे धरू नये. एकाच रुग्णाच्या दोन वेळच्या सीटींत धमनीची जागा वेगळी आढळल्याच्याही नोंदी आहेत.

तपासून घ्या : गॅग बसवल्यावर हत्यार हातात घेण्यापूर्वी टप्पा २ आणि ३ पुन्हा करावेत. ओपीडीत न दिसलेला ठोका कधी कधी इथे दिसतो.

## टप्पा ८ : शस्त्रक्रियेनुसार काळजी

टॉन्सिलभोवतीचे गळू. सर्वाधिक चुका इथेच होतात. ठोका असेल तर सीटीशिवाय सुई नाही, हा पहिला नियम. ठोका नसेल, ताप व जबडा न उघडणे ही गळवाची लक्षणे स्पष्ट असतील, तर आधी सुईने पू ओढावा. १८ नंबरच्या सुईचे प्लास्टिकचे आवरण कापून असे चढवावे, की टोकाचा फक्त एक सेंटिमीटर भाग उघडा राहील. पडजिभेच्या मुळातून जाणारी आडवी रेषा आणि पुढच्या खांबालगतची उभी रेषा जिथे मिळतात, त्याच्या किंचित बाहेर सुई घालावी आणि ती सरळ मागे न्यावी. हात नकळत बाहेरच्या बाजूला, म्हणजे नेमका धमनीकडे वळतो, त्यामुळे सुईची दिशा मदतनिसाला बाजूने पाहायला सांगावी. पू आला तर त्याच जागी ११ नंबरचे पाते टोकापासून एक सेंटिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळून वापरावे. पू आला नाही तर जागा बदलत टोचत बसू नये, थांबावे आणि सीटी काढावी. रात्री सीटी बंद असेल आणि श्वासाला धोका नसेल, तर शिरेतून प्रतिजैविके व सलाइन देऊन सकाळपर्यंत थांबण्याने नुकसान होत नाही. श्वास धोक्यात असेल तर आधी श्वासमार्ग सुरक्षित करावा, गळवाचे नंतर पाहावे.

टॉन्सिल काढणे. टॉन्सिलच्या आवरणालगतचाच (कॅप्सूलचा) थर धरून काम करावे. खाचेत खोल टाका घालू नये, विशेषतः खालच्या टोकाला, जिथे चेहऱ्याच्या धमनीचे वळण सुईत येऊ शकते. विजेवर रक्त थांबवणारे बायपोलर कमी शक्तीवर वापरावे, धमनीच्या बाजूला मोनोपोलर टाळावे. लिग्नोकेन-ॲड्रेनॅलिन (जागा बधिर करणारे इंजेक्शन) टोचण्यापूर्वी प्रत्येक वेळी पिस्टन मागे ओढून पाहावा, कारण कॅरोटिडमध्ये गेलेली थोडीशी मात्राही झटके आणते.

ॲडिनॉइड (नाकामागची गाठ). क्युरेट (खरवडण्याचे हत्यार) घालण्यापूर्वी बोट घालून ठोका पाहण्याची जुनी पद्धत सोडू नये. आरशाने किंवा दुर्बिणीने पाहत काम करावे आणि बाजूच्या खाचांत क्युरेट फिरवू नये.

ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी मानेतून श्वासनलिकेत छेद). मान ताणल्यानंतर उरोस्थीच्या वरच्या खाचेत बोट ठेवून इनॉमिनेटचा ठोका पाहावा, आणि स्नायू बाजूला केल्यावर श्वासनलिकेवर पुन्हा पाहावा. मुलांची मान फार ताणली तर ही धमनी मानेत वर येते. छेद दुसऱ्या-तिसऱ्या कड्यात ठेवावा, चौथ्याच्या खाली जाऊ नये. मध्यरेषेत थायरॉइडकडे वर जाणारी एखादी लहान धमनी सापडली तर ती बांधून मगच पुढे जावे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत नळीभोवती ताजे लाल रक्त थोडेसे जरी आले, तरी ते ‘जखमेचे’ म्हणून सोडू नये.

थायरॉइड. सीटी उपलब्ध असेल तर अन्ननलिकेच्या मागे उजवी सबक्लेव्हियन आहे का ते पाहावे. असेल तर उजवी स्वरनस खालून वळून येत नाही, ती व्हेगस या मानेतल्या मुख्य नसेपासून थेट आडवी स्वरयंत्राकडे जाते. अशा वेळी कॅरोटिड व स्वरयंत्र यांच्यामधला कोणताही आडवा धागा नस ओळखेपर्यंत कापू नये.

## टप्पा ९ : रक्त उसळले तर

पहिली कृती बोटाची : जिथून येते तिथे दाबून धरावे. न दिसणाऱ्या रक्तात आर्टरी फोर्सेप्स लावू नये आणि आंधळा टाका घालू नये, त्याने फाटलेली भिंत आणखी फाटते. डोके खाली, दोन सक्शन, कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगवलेली नळी, गॉजचा घट्ट पॅक आणि त्यावर बोट. मदतनिसाने बाहेरून त्याच बाजूची मुख्य कॅरोटिड मानेच्या मणक्यावर दाबावी. रक्त मागवणे व रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांना फोन करणे हे काम फळ्यावर नाव लिहून ठेवलेल्या एकाच माणसाकडे असावे.

ट्रॅकिओस्टॉमीत इनॉमिनेट फुटली तर नळीचा कफ जास्त फुगवावा. तेवढ्याने थांबले नाही तर वरून नळी घालून श्वास सांभाळावा, छेदातून बोट घालून धमनी पुढे उरोस्थीवर दाबावी आणि तसेच शस्त्रक्रियागृहात न्यावे.

अंतर्गत कॅरोटिड बांधून टाकल्यास पक्षाघाताचा धोका मोठा असतो. जिथे सोय आहे तिथे आवरण असलेला स्टेंट (धमनीच्या आतून बसवायची जाळीची नळी) घालता येतो. म्हणून दुसरीकडे हलवायचे तर पॅक आणि नळी तशीच ठेवून, डॉक्टर सोबत देऊन हलवावे.

इशारा : रक्त आपोआप थांबले तरी अँजिओग्राफी करावी. धमनीच्या भिंतीत झालेला फुगा दिवसांनी, कधी आठवड्यांनी फुटतो.

## टप्पा १० : रुग्णाच्या हाती कागद

शस्त्रक्रिया झाली असो वा नसो, रुग्णाला मराठीत एक चिठ्ठी द्यावी. आजींना दिलेला मजकूर असा होता : ‘उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी घशाच्या आतल्या भिंतीजवळ आहे. घशात सुई, चिरा, नाकातून नळी किंवा भूल देण्यापूर्वी सोबतची सीडी पाहावी.’ ती चिठ्ठी त्यांच्या नातवाने आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातली. तोंडी सांगितलेले पुढच्या दवाखान्यात पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी ‘घशाची नस वाकडी आहे’ असे काहीतरी होऊन पोहोचते.

दरवर्षी सीटी काढण्याची गरज नसते. पण वळण वयानुसार वाढू शकते. म्हणून काही वर्षांनी याच रुग्णाच्या घशात किंवा मानेत काम करायची वेळ आली, तर जुन्या सीडीवर न थांबता टप्पा १ पासून पुन्हा सुरुवात करावी.